फोटो चातकाचा, आवाज पावशाचा

१७ एप्रिल २०२५, गुरुवार. रात्री साडेआठच्या सुमारास बेळगावजवळच्या राकसकोपच्या वाटेवरच्या एका गावातून मोबाईलवर मेसेज आला. तीनच ओळी: 'आपल्या शिवारात चातक आला. यंदा पाऊस लवकर. पेरणीच्या तयारीला लागा.' खाली एक फोटो आणि बारा सेकंदांची आवाजाची क्लिप. पाठवणारा नववीतला पोरगा. आमच्या रविवारच्या फेरीत अधूनमधून सायकल घेऊन सामील व्हायचा, म्हणून माझा नंबर त्याच्याकडे होता. पण मेसेज मला एकट्याला नव्हता. भजनी मंडळाच्या, दूध सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपवर तो माझ्याआधी पोचला होता. दहा वाजेपर्यंत तोच मेसेज मला आणखी चार जणांनी पाठवला आणि चौघांनी एकच विचारलं, 'खरं काय ओ?'

प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय, कारण चूक कुणाची हे शोधायला आम्ही निघालो आणि वाटेत दोनदा आमचीच सापडली.

आम्ही म्हणजे बेळगावातली सहा-सात माणसं. एक निवृत्त गुरुजी, एक नर्सबाई, एक बँकेतला, कॉलेजातली दोन पोरं, मी, आणि जमेल तसा माझा मेव्हणा. फेब्रुवारी ते जून दर रविवारी सकाळी सहाला त्या गावाच्या शेवटच्या गोठ्यापासून निघायचं, बांधाबांधानं ओढ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. दोन किलोमीटर, दीड तास. वाट बदलायची नाही, वेळ बदलायची नाही, आणि दिसलेलं-ऐकलेलं सगळं लिहायचं. कावळासुद्धा. काम कंटाळवाणं आहे. पण हंगाम सरकतो कसा ते त्यातूनच कळतं. फेब्रुवारीत सावर आणि पांगारा फुलला की भोरड्यांचे थवे त्यावर तुटून पडतात; एप्रिल सरेपर्यंत ते मध्य आशियाच्या वाटेला लागलेले असतात. माळावर जमिनीलगत तरंगत जाणारे भोवत्ये मार्चअखेर विरळ होतात. पिवळ्या धोब्याचा पिवळा रंग एप्रिलात असा काही चढतो की हिवाळ्यात पाहिलेला मळकट पक्षी हाच का, असं वाटावं. आणि घाणेरीच्या झुडपात सहा महिने 'चक्‌ चक्‌' करणारा बोरू वटवट्या एखाद्या रविवारी नुसता नसतो. येणाऱ्याची तारीख सांगता येते. जाणाऱ्याची मात्र तो गेल्यावर वही मागे उलटून काढावी लागते.

तर चातक. डोक्यावर तुरा, पाठ काळी, पोट पांढरं, पंखावर पांढरा ठिपका. फोटोतला पक्षी निर्विवाद चातकच होता. आमच्यातल्या कॉलेजच्या एका पोराला एवढं पुरलं. त्यानं त्याच रात्री ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, त्या गावाच्या नावानं 'चातक, १' अशी नोंद टाकली आणि आमच्या ग्रुपवर अभिमानानं कळवलं. गुरुजींनी खाली दोनच शब्द लिहिले, 'तू पाहिलास?' पोरगं गप्प. तिथं स्वतः पाहिलेलं किंवा स्वतः ऐकलेलंच नोंदवायचं असतं. गावानं पाहिलं, ग्रुपवर आलं, पेपरात छापलं, यातलं काही चालत नाही. सकाळी नोंद काढून टाकली. ही आमची पहिली चूक, आणि त्यातल्या त्यात ती स्वस्तात सुटली.

क्लिप मी दुसऱ्या दिवशी दुपारी निवांत ऐकली. बारा सेकंदांत तीन सुरांची हाक पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा वरच्या पट्टीत. जणू कुणीतरी जिना चढतोय आणि शेवटच्या पायरीवर दम तुटतोय. मराठी माणूस हिला 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' म्हणून ओळखतो. हा पावशा. चातकाचा आवाज वेगळा: धातूवर टिचकी मारल्यासारखं खणखणीत 'पिऊ, पिऊ'. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपला ऐकवलं, त्यानंही पावशाच सांगितलं.

फोटोत एक पक्षी, क्लिपमध्ये दुसरा. आणि पावशा तर कुठल्या देशाहून येत नाही. आमच्या भागात तो बारमाही असतो. हिवाळाभर तोंड उघडत नाही म्हणून कुणाला दिसत नाही. ऊन तापायला लागलं की ओरडायला लागतो. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत मी तो मार्चमध्येच ऐकला होता. त्यामुळे एप्रिलच्या मध्यावर पावशा ओरडणं ही बातमीच नव्हे, दरवर्षीचं आहे.

रविवारी, २० तारखेला, सहा वाजता गोठ्यापाशी पोचलो तेव्हा पोरगा आणि त्याचा आज्जा दोघंही उभे होते. आज्जा तसा कधी येत नाही. नातवाची कुणी चौकशी करणार अशी कुणकुण लागली असावी.

"खट्टे हाय तुझा चातक?" गुरुजींनी हसत विचारलं.

पोरानं फणसाकडं बोट दाखवलं. आवाज तिथूनच येत होता, क्लिपमधलाच, फक्त आता घुमत होता. पाच मिनिटं काही दिसेना. मग सातभाईंचं टोळकं कलकलत फणसात घुसलं आणि एक राखाडी पक्षी फांदीवरून सुटून समोरच्या आंब्यावर जाऊन बसला. मी दुर्बीण पोराच्या हातात दिली. त्यानं फिरकी फिरवली, थांबला, परत फिरवली.

"सर, ह्यो तर शिक्रा हाय."

शेपटीवरचे आडवे पट्टे, पिवळी डोळ्याची कड, उडायची ढब, सगळं शिकऱ्यासारखंच, म्हणजे लहान पाखरं मारणाऱ्या शिकारी पक्ष्यासारखं. सातभाई याच दिसण्यानं बिथरतात, आणि बिथरण्याला कारणही आहे, कारण पावशा अंडं त्यांच्याच घरट्यात घालतो. अंडंसुद्धा त्यांच्यासारखंच निळं. पण तो फांदीवर बसला, गळा फुगला, चोच उघडली आणि 'पेर्ते व्हा' सुरू झालं. पोरानं दुर्बीण खाली घेतली, नुसत्या डोळ्यानं बघितलं, परत लावली. चौदा वर्षं हा आवाज ऐकत आलेला पोरगा, आवाजाचा मालक पहिल्यांदा बघत होता. त्याच्या तोंडाकडं बघून मला पुढचं विचारायचं जिवावर आलं.

पण फोटो राहिलाच होता. नर्सबाईंनी मोबाईलवर तो मोठा करून त्याच्यापुढं धरला. चातक ज्या फांदीवर बसला होता तिच्यावरचं शेवाळ पोपटी होतं, मागच्या तारेवर थेंब लोंबत होते. आम्ही उभे होतो तिथं आंब्याच्या खोडावरचं शेवाळ वाळून काळं पडलं होतं, तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्यासाठी, भाजलेल्या तुकड्याची राख पायाखाली होती आणि चालताना धूळ उडत होती.

"हा फोटो कधीचा रे बाळा?" त्यांनी विचारलं.

थोडा वेळ काहीच नाही. मग: "मामाच्या पोराचा. चंदगडाकडचा. गेल्या जुलैतला. पण आवाज माझाच हाय. पाटे उठून घेतलाय."

"मग त्याचा फोटो ह्याला का लावलास?"

"दोन्ही एकच न्हवं? तुमच्याच पोस्टरवर हाय की."

आता गप्प व्हायची पाळी आमची. आदल्या ऑगस्टमध्ये त्या गावच्या शाळेला आम्ही एक फ्लेक्स करून दिला होता. मथळा, 'पावसाची वर्दी देणारे पक्षी'. त्याखाली चातक आणि पावशा शेजारीशेजारी, आणि दोघांत मिळून एक ओळ: 'हे ओरडले की समजा, पाऊस आला.' ओळ गुरुजींची, छपाई माझी. पावशाचा चांगला फोटो मिळाला नव्हता म्हणून तो लहान आणि धूसर. चातक मात्र तुऱ्यासकट ऐटीत. पोरानं वर्गात बसून आठ महिने ते पाहिलं. पहाटे आवाज ऐकला, पोस्टर आठवलं, आणि पोस्टरवरच्या पाखराचा चांगला फोटो मामाच्या घरून मागवला. त्यानं खोटं काहीच केलं नव्हतं. आम्ही लिहिलेलं वाचलं होतं.

आज्जा इतका वेळ तंबाखू मळत उभा होता. तो म्हणाला, "आमी तर दोगांस्नीबी पावशाच म्हणतो."

हे मी वहीत लिहून घेतलं. गावात दोन पाखरांना एकच नाव असेल तर आम्ही त्याला चूक म्हणायची की आधी गावाचं नाव विचारायचं? पोस्टर करताना आम्ही कुणालाही, काहीही विचारलं नव्हतं.

आता समजा, फोटो त्याच दिवशीचा, त्याच फणसावरचा असता. मग 'चातक आला' हे खरं ठरलं असतं का? इथं प्रश्न अवघड होतो, आणि बेळगावात तर जास्तच. उत्तर आणि मध्य भारतात उन्हाळ्याअखेर दिसणारे चातक आफ्रिकेतून येतात, समुद्रावरून, मोसमी वाऱ्यांच्या जोडीनं. भारतीय वन्यजीव संस्थेनं २०२० मध्ये उत्तराखंडात दोन चातकांना उपग्रहावरून माग काढणारी यंत्रं बसवली होती, ती याच प्रवासासाठी. पण दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत चातकाची दुसरी, स्थायिक उपजात आहे. ती कुठं जात नाही, कुठून येत नाही. आपण मधल्या पट्ट्यात. इथं एप्रिलात एखादा चातक दिसलाच, तर तो आफ्रिकेहून महिनाभर आधी आला की दक्षिणेतला शेजारी फिरत फिरत वर आला, हे फांदीवरच्या पाखराकडं बघून सांगता येत नाही.

दुसरी अडचण याहून साधी. 'लवकर आला' म्हणायला तो काल नव्हता हे माहीत हवं. काल कुणी बघितलं होतं? मागच्या वर्षी याच तारखेला? ज्या शिवारात कुणी वहीच ठेवत नाही तिथं पहिल्या नोंदीची तारीख पाखराची नसते, बघणाऱ्याची असते. ज्या दिवशी आपली मान वर झाली तो दिवस. आमच्या रविवारच्या यादीत चातक नाही, असे फेब्रुवारीपासूनचे अकरा रविवार होते. कुणाला फॉरवर्ड करावी अशी ती गोष्ट नव्हे, पण या प्रकरणात हातात धरण्यासारखं तेवढंच होतं.

खुलासा कसा करायचा यावर परतीच्या वाटेत वाद झाला. बँकवाल्याचं म्हणणं सरळ: सगळ्या ग्रुपवर टाका की मेसेज चुकीचा आहे, पेरणीचा मामला आहे, कुणाचं बी वाया गेलं तर? गुरुजी नाही म्हणाले. नववीतल्या पोराचं नाव गावात 'फेकू' पडलं की ते बारावीपर्यंत राहतं. शेवटी पोरानंच केलं. रात्री त्यानं दोन क्लिप पाठवल्या, एक त्याची आणि एक आम्ही दिलेली चातकाची, खाली लिहिलं, 'पहिला पावशा. तो इथंच असतो. दुसरा चातक. तो अजून आलेला नाही. फोटो जुना होता. आल्यावर कळवतो.' शाळेच्या ग्रुपवर चार अंगठे आले. भजनी मंडळाच्या ग्रुपवर त्यावर कुणी काहीच बोललं नाही.

आणि पहिला मेसेज तोवर गाव सोडून गेला होता. २९ एप्रिलला निपाणीकडच्या माझ्या आत्येबहिणीनं तो मला पाठवला. फोटो तोच. 'आपल्या शिवारात'च्या जागी 'सीमाभागात', आणि शेवटी एक नवी ओळ: 'जाणकारांचा अंदाज.' जाणकार म्हणजे आम्हीच की काय, असं वाटून हसूही आलं आणि लाजही.

हा मेसेज एवढा पळाला का, याचा विचार मी बराच केला. एक कारण उघड आहे. १५ एप्रिलला हवामान खात्यानं त्या वर्षी सरासरीच्या १०५ टक्के पावसाचा अंदाज दिला होता. लोकांच्या डोक्यात पाऊस होताच. दुसरं कारण आमच्या भागाचं आहे. हवामान खात्याच्या हिशेबात बेळगाव जिल्हा 'उत्तर अंतर्गत कर्नाटका'त येतो. त्याच विभागात कलबुर्गी, रायचूर. खुद्द जिल्ह्यात अथणीसारखा पावसासाठी तोंड पसरून बसलेला तालुका आणि कणकुंबीसारखं घाटमाथ्यावरचं, पावसात महिना महिना सूर्य न दिसणारं गाव. या सगळ्यांचा मिळून जो अंदाज येतो तो आमच्या पश्चिमेकडच्या भातशेतीला लागूच पडत नाही. मग माणसं मराठी चॅनेलवर कोल्हापूरचा अंदाज बघतात आणि त्यात आपलं गाव कल्पनेनं घालतात. राज्य एकीकडं, भाषा दुसरीकडं आणि ढग तिसरीकडून येणार. एवढी पोकळी असल्यावर फणसावरच्या पाखराला तिथं जागा मिळणारच.

पुढचं सगळ्यांना आठवत असेल. त्या वर्षी वळीव नेहमीसारखा संध्याकाळी गडगडून मोकळा झाला नाही. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस बसला तो उठेना. २४ मेला मान्सून केरळात पोचला, ठरल्या तारखेच्या आठ दिवस आधी. २६ ला मुंबईत. आमच्याकडं रोहिणी नक्षत्र २५ मेला लागतं. त्या सुमाराला कोरड्या रानात कुरीनं, म्हणजे पेरणीच्या अवजारानं, भात टाकायचं, धूळवाफ पेरणी, ही इथली रीत. धूळच नाही तर धूळवाफ कसली? वाफसा येईना, कुरी रानात जाईना. पुष्कळांनी नाद सोडला आणि तरवा टाकून रोप लागणीची तयारी धरली.

पण काही जणांची पेरणी त्याआधी उरकली होती. त्यात आज्जा एक. त्याच्या वरच्या अंगाच्या, पाणी न साठणाऱ्या दोन तुकड्यांत भात छान उगवलं. खालच्या तुकड्यात मात्र पाणी तुंबून बी कुजलं. वरचे हिरवे तुकडे रस्त्यावरून दिसतात, खालचा दिसत नाही. गावात बोलणं सुरू झालं की चातकाचं ऐकलं त्याचं पिकलं.

आम्ही चांगलेच अडचणीत आलो. एप्रिलभर आम्ही सांगत होतो की हा पुरावा नव्हे, आणि मेमध्ये पावसानं तो खरा करून दाखवला. 'पाखरांस्नी कळतंय, तुमास्नी कळत न्हाई,' हे दूध सोसायटीच्या सेक्रेटरीनं मला कट्ट्यावर चहा पाजत ऐकवलं. योगायोग हा शब्द अशा वेळी फार पुचाट वाटतो. वापरला तरी कुणी ऐकत नाही. मी एवढंच म्हणालो की जो फोटो बघून तुम्ही खूश झालाय तो मागच्या जुलैतला आहे, आणि पावशा तर कोरड्या सालीसुद्धा एप्रिलात ओरडतोच. तेव्हा त्याचा मेसेज कोण करतं? सेक्रेटरी म्हणाला, "ते बी खरं," आणि दुसरा चहा सांगितला.

२५ मेचा रविवार छत्रीत गेला. एकूण पंधराच पक्षी दिसले. चातक नाही. १ जूनला ओढ्याकडून नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शिट्टी आली, सगळे थबकलो. चातक नाही. ८ जूनला, मृग लागल्यावर, परतीच्या वाटेवर बाभळीतून 'पिऊ, पिऊ' आलं. या खेपेला दुर्बीण मागावी लागली नाही, पोरानं ती घरून निघतानाच गळ्यात अडकवली होती. तुरा, पंखावरचा पांढरा ठिपका, मागोमाग दुसरा. त्यानं वहीत लिहिलं: 'चातक २. स्वतः पाहिले. पाऊस आधी आला.' शेवटचे तीन शब्द मी सांगितले नव्हते.

जूनच्या शाळेत आम्ही नवं पोस्टर लावलं. दोन पक्षी, दोन वेगळ्या चौकटी, प्रत्येकाखाली कधी ओरडतो, कुठून येतो किंवा येत नाही, आणि आवाज ऐकायला क्यूआर कोड. वर्दीबिर्दी काही नाही. पावशाचा फोटो पोरानं काढलेला, आंब्यावरचा, थोडा हललेला.

आज्जाला मी एक दिवस विचारलंच की तुम्ही एवढ्या लवकर भात टाकलं ते नातवाच्या मेसेजवर विश्वास ठेवून का? तो वरच्या तुकड्यात भांगलत होता. भात गुडघ्याला लागायला आलं होतं.

"कसला मेसेज ओ," तो म्हणाला. "ट्रॅक्टरवाला सोळा तारकेलाच मोकळा होता. फुडं त्याच्या पुतणीचं लगीन."

मग विळा खाली ठेवून त्यानं मलाच विचारलं, "तुमचा चातक कवा आला म्हणालासा?"

"आठ जूनला."

"मग उशीर झाला की त्याला," आज्जा म्हणाला आणि परत भांगलायला वाकला.